सहा तासांची मैफल साठवताना

कवी संमेलन असो, कीर्तन सप्ताह असो, मुशायरा असो की जत्रेतला तमाशा, आजकाल मंचासमोर स्टँडवर एक कॅमेरा उभा असतोच. संयोजक शाली मोजतात, नारळ मोजतात, चहाचे कप मोजतात. पण समोर जे पाच-सहा तास घडणार आहे, ते कॅमेऱ्यात कशा रीतीनं साठवलं जाणार हे सहसा कोणी विचारत नाही. कॅमेरावाल्याला विचारलंच तर तो म्हणतो, 'फुल एचडी आहे, साहेब.' कापड किती टिकेल असं विचारल्यावर दुकानदारानं 'रंग निळा आहे' म्हणावं, तसं हे उत्तर. चित्र केवढं आहे ते त्यातून कळतं. ते कशात बांधून ठेवलं जाणार ते कळत नाही.

ही बांधणी करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कोडर आणि डीकोडर या दोन शब्दांचे तुकडे जोडून हा शब्द झाला आहे. टिपताना चित्राची घडी घालायची आणि पाहताना ती उलगडायची, असं त्याचं दुहेरी काम. मी काही इंजिनीअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण गेली तीसेक वर्षं संमेलनं आणि मुशायरे ऐकतो आहे, त्यांच्या कॅसेट, सीडी आणि आता फायली जमवतो आहे. त्या नादात हा विषय समजून घ्यावा लागला. जेवढा समजला तेवढा सांगतो.

आधी घडी घालावीच का लागते ते पाहू. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले, तर एक चित्र ६२ लाख बाइटचं होतं. आपल्याकडे सेकंदाला अशी २५ चित्रं घेण्याची पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट, तासाला सुमारे ५६० जीबी आणि सहा तासांच्या संमेलनाला ३३०० जीबीहून अधिक. एवढं सगळं कोरंच्या कोरं लिहून घेणारं यंत्र तालुक्याच्या गावी कोणी आणत नाही. तेच संमेलन आज साधारण २२ जीबीत बसतं. दीडशे पटींनी लहान होऊनही मंचावरचा कवी ओळखू येतो, त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. हे होतं कसं?

भजनी मंडळाची वही आठवा. अभंगाचं ध्रुपद वहीत एकदाच पूर्ण लिहिलेलं असतं. पुढं प्रत्येक कडव्याच्या शेवटी फक्त '॥धृ॥' एवढी खूण. म्हणणाऱ्याला ती पुरते. गझल उतरवून घेणारेही असंच करतात. रदीफ एकदा लिहिला की पुढच्या शेरांत नुसती आडवी रेघ ओढतात. कोडेकची पहिली युक्ती हीच आहे. तो एक चित्र पूर्ण लिहितो, त्याला की-फ्रेम म्हणतात. त्यानंतरच्या चित्रांत फक्त बदललेला भाग नोंदवतो. कवी मान हलवतो, हात उचलतो, पण मागचा पडदा, बॅनर, समई आणि अध्यक्षांची खुर्ची जिथल्या तिथंच असते. त्या सगळ्यांसाठी नुसतं '॥धृ॥'. हात वर गेला तरी कोडेक नवा हात काढत बसत नाही. 'मघाचाच हात, चार ठिपके वर,' एवढंच लिहितो.

बचत इथं आहे आणि धोकाही इथंच आहे. वहीतलं ध्रुपदाचं पान फाटलं, तर पुढच्या सगळ्या खुणा निरुपयोगी. म्हणून की-फ्रेम पुन्हापुन्हा यावी लागते. एक्स२६४ नावाचा एक फुकट मिळणारा आणि फार वापरला जाणारा एन्कोडर आहे. त्याची मूळ सेटिंग अशी, की दोन की-फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० चित्रांचं अंतर पडू शकतं. सेकंदाला २५ चित्रं धरली तर हे दहा सेकंद झाले. कार्डावर एखाद्या जागी ओरखडा पडला, काही बाइट बिघडले, तर दहा सेकंद चित्र फिसकटू शकतं. दहा सेकंदांत एक अख्खा शेर जातो. लांब कार्यक्रमासाठी हे अंतर दोन सेकंदांवर आणावं. फाइल थोडी जाड होते, पण नंतर नेमकी कविता शोधताना मागंपुढं जाणंही सोपं होतं.

दुसरी युक्ती एकाच चित्राच्या आतली आहे आणि तिची हकिकत मला फार आवडते. बंगळूरला १९४० साली जन्मलेले नासिर अहमद पुढं अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्राचे लहान चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोन म्हणजे काही ठरावीक लहरींची बेरीज आहे असं मानायचं, काही लहरी मोठ्या आणि संथ, काही बारीक आणि झपाट्याच्या, अशी त्यांची कल्पना होती. तिला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. या कामासाठी त्यांनी १९७२ साली तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडं अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता, असं अहमद यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ या 'सोप्या' कल्पनेच्या कोणत्या ना कोणत्या रूपावर उभा आहे. आपल्या डोळ्यांना मोठ्या लहरी लगेच जाणवतात, बारीक लहरींतला फेरफार कळत नाही. म्हणून कोडेक मोठ्या लहरी नीट लिहितो आणि बारीक लहरी ढोबळपणे. रंगाच्या बाबतीतही तसंच. उजेड-अंधाराचा फरक डोळा बारकाईनं पाहतो, रंगाचा तेवढा नाही. त्यामुळं रंगाची माहिती चार ठिपक्यांमागे एकदाच लिहून भागतं.

या दोन युक्त्यांवरच सगळ्या पिढ्या वाढल्या. आपण ज्या व्हीसीडी पाहिल्या त्यांच्यात एमपीईजी-१ होता, डीव्हीडीत एमपीईजी-२. लग्नाचे कॅमेरावाले ज्या छोट्या मिनी-डीव्ही कॅसेट वापरायचे, त्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र बांधलेलं असे. तासाला एक कॅसेट, आणि ती संगणकात उतरवली की १३ जीबी. मग २००३ साली एच.२६४ आला आणि त्यानं खरोखर क्रांती केली. २०१३ साली एच.२६५ आला, त्यालाच एचईव्हीसी म्हणतात. एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो, तर एचईव्हीसी ६४ बाय ६४ पर्यंतचा मोठा चौकोन एकदम हाताळू शकतो. मंचामागचा सपाट पडदा त्याला थोडक्यात आटोपता येतो. त्यामुळं तशाच दर्जाचं चित्र जवळपास निम्म्या जागेत बसतं, असं म्हणतात. २०१८ साली एव्ही१ आला. तो आणखी काटकसरी, आणि परवाना शुल्क नको या हेतूनं अनेक कंपन्यांनी मिळून केलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यात नवा तोच घ्यावा की! दुकानात तुम्हाला हेच सांगतील. पण चित्रपट बांधणं वेगळं आणि चालू कार्यक्रम बांधणं वेगळं. चित्रपट तयार झाल्यावर संगणक त्याच्यावर रात्रभर बसू शकतो. एक चित्र बांधायला पाच सेकंद लागले तरी कोणाचं काही बिघडत नाही. चालू कार्यक्रमात सेकंदाला २५ चित्रं दारात येऊन उभी राहतात. एक बांधून होईपर्यंत दुसरं आलेलं असतं. प्रत्येकासाठी सेकंदाचा पंचविसावा हिस्सा, आणि हे सहा तास, एकदाही न थांबता. सहा तासांत अशी ५ लाख ४० हजार चित्रं होतात. नव्या कोडेकची काटकसर फुकट येत नाही. निरनिराळे पर्याय तपासून त्यातला सगळ्यात स्वस्त निवडण्यातून ती येते आणि तपासायला वेळ लागतो. घाईत बांधलं की ती काटकसर बरीचशी गळून जाते. शिवाय यंत्र तापतं. आपल्याकडं संमेलनांचा एक हंगाम एप्रिल-मेचा. मांडवात पंखे पाहुण्यांकडं तोंड करून लावलेले असतात, लॅपटॉपकडं नाही. तापलेला लॅपटॉप मंद होतो आणि मधली चित्रं गाळू लागतो. तापलेला मोबाइल तर रेकॉर्डिंगच बंद करून टाकतो.

म्हणून लॅपटॉपवर टिपायचं असेल तर त्याच्या मुख्य प्रोसेसरवर हा भार टाकू नये. बहुतेक लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये घडी घालण्याचं खास यंत्र बसवलेलं असतं. इंटेलनं ते २०११ च्या सुमारास आणलं, एनव्हिडियानं २०१२ मध्ये. एच.२६४ साठी ही सोय जवळजवळ सगळीकडं आहे, एचईव्हीसीसाठी बऱ्याच ठिकाणी. एव्ही१ टिपणाऱ्या चिप संगणकांत २०२२ पासून येऊ लागल्या, त्यामुळं चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर एव्ही१ चालू कार्यक्रमासाठी वापरणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

इथं एक हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कवी संमेलन होतं. एक ज्येष्ठ कवी, वय ऐंशीच्या पुढं, आजारातून उठून आले होते. दोन माणसांनी हाताला धरून त्यांना मंचावर चढवलं. बसून त्यांनी वीस-बावीस मिनिटं कविता म्हटल्या, त्यातल्या दोन तर कुठंच छापलेल्या नव्हत्या. कॅमेऱ्याची तार लॅपटॉपला जोडलेली, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो नुसत्या विजेवर चाललेला. रात्री एकच्या सुमारास वीज गेली. जनरेटर दोन मिनिटांत सुरू झाला, संमेलनही पुढं सुरू झालं. सकाळी पाहिलं तर आधीच्या चार तासांची फाइल तिथं होती, आकारानं चौदा जीबी होती, पण उघडत नव्हती. अडीच महिन्यांनी ते कवी गेले. आज त्या रात्रीचा त्यांचा आवाज आपल्याकडं आहे, कारण मंचाखाली बसलेल्या एका पोरानं खिशातल्या, सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये तो घेतला होता. चेहरा नाही.

ती फाइल का उघडली नाही? चौदा जीबी लिहिले गेले होते, ते कुठं गेले नव्हते. दोष कोडेकचा नव्हता, डब्याचा होता. कोडेक आणि डबा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हा फरक फार थोडे लोक करतात. फाइलच्या नावाला शेवटी एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही अशी जी शेपटी असते ती डब्याची. आतला पदार्थ कोणता, म्हणजे कोडेक कोणता, ते शेपटीवरून कळत नाही. एमपी४ या डब्याची एक सवय आहे. कोणतं चित्र फाइलमध्ये कुठं आहे, त्याची अनुक्रमणिका तो अगदी शेवटी, 'थांबा'चं बटण दाबल्यावर लिहितो. त्याआधी वीज गेली तर पानं सगळी जागेवर, पण पानांना आकडे नाहीत आणि अनुक्रमणिकाही नाही. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगनं टिपलेली दुसरी धडधाकट फाइल असेल तर तिच्या आधारानं काही जाणकार अशी फाइल पुन्हा उभी करतात. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही.

एमकेव्ही हा डबा वेगळ्या स्वभावाचा आहे. तो थोडं थोडं लिहितो आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्याची माहितीही लिहीत जातो. वीज गेली तर शेवटचे काही क्षण जातात, आधीचं सगळं राहतं. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी घडवलेला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम हा डबाही असाच. प्रक्षेपणात मधली माहिती हरवणं ठरलेलंच, शिवाय प्रेक्षक मध्येच कधीही टीव्ही लावतो, म्हणून तो मुळातच कुठूनही उघडता येईल असा केलेला आहे. २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमकॉर्डरमध्ये एच.२६४ याच डब्यात ठेवतात. कार्यक्रम टिपायला आणि इंटरनेटवर दाखवायला आपल्याकडं ओबीएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर खूप वापरतात. त्यात २०२४ पासून एमपी४ चाच एक सुधारलेला प्रकार आला आहे. तो चालू असताना तुकड्यातुकड्यानं लिहितो आणि शेवटी अनुक्रमणिका जोडून नेहमीसारखा एमपी४ होतो. तो नसेल तर एमकेव्हीत टिपावं आणि घरी येऊन एमपी४ करावं. या बदलात नुसता डबा बदलतो, आतलं चित्र पुन्हा दाबलं जात नाही, आणि काम थोड्या मिनिटांत होतं.

डब्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ पद्धतीनं आखलेली असतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. नेहमीच्या दरानं सुमारे सत्तर मिनिटांत ती मर्यादा येते आणि कॅमेरा नवी फाइल सुरू करतो. काही कॅमेऱ्यांच्या फायली नुसत्या एकापुढं एक ठेवल्या तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरनं जोडल्या तर तुटत नाही. फोटोचे जुने कॅमेरे तर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबायचेच. त्यामागं युरोपातला आयात कर होता. अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिपणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जादा कर बसायचा. पुढं बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांतून हे बंधन गेलं. पण गावात भाड्यानं मिळणारा कॅमेरा जुना असतो, विचारून घ्यावं.

आता दर किती ठेवायचा? दर म्हणजे सेकंदाला किती बिट लिहायचे. फुल एचडी, एच.२६४, एकच कवी माइकसमोर उभा, तर सेकंदाला ८० लाख बिट, ज्याला ८ मेगाबिट म्हणतात, पुरेसे होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी. हा हिशोब तोंडी करता येतो म्हणूनही मला तो आवडतो. तमाशा, लेझीम, पोवाडा असेल तर १५ ते २० मेगाबिट घ्यावे. आणि गुलाल उधळणार असतील तर देवच राखो. हवेत उडालेला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जातो, 'मघाचंच, चार ठिपके वर' असं कोणाबद्दलही म्हणता येत नाही. कोडेकची वही अशा वेळी एका क्षणात भरते आणि चित्राचे चौकोन चौकोन दिसू लागतात. मंचावर अंधार असेल तेव्हाही थोडंसं असंच होतं. अंधारात कॅमेरा चित्रात रवाळ खडखड आणतो आणि कोडेक बिचारा ती खडखडच इमानानं टिपत बसतो. अशा वेळी कोडेक बदलण्यापेक्षा मंचावर आणखी एक दिवा लावला तर जास्त उपयोग होतो.

इंटरनेटवर थेट दाखवायचं असेल तर दर सारखा राखावा लागतो, कारण नळाची जाडी ठरलेली असते. साठवण्यासाठी तसं बंधन नाही. दर्जा सारखा ठेवायचा आणि दर कमी-जास्त होऊ द्यायचा, हा पर्याय निवडावा. कार्ड मात्र जास्तीत जास्त दराच्या हिशोबानं घ्यावं. थेट प्रक्षेपणाचीच प्रत जपून ठेवू, असं काही मंडळं म्हणतात. ती प्रत नेट मंदावलं तिथं तिथं तुटलेली असते. वेगळी प्रत हवीच.

मोबाइलनं टिपणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रांवर लावलेला असतो. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली त्या चित्रात आडवे पट्टे फिरताना दिसतात. २५ किंवा ५० चित्रांची सोय असेल तर ती घ्यावी. दुसरं, अनेक मोबाइल चित्रांची संख्या स्वतःच कमी-जास्त करतात. पाच मिनिटांच्या व्हिडिओत कळत नाही. तीन तासांचा व्हिडिओ संकलनाला घेतला की ओठ आणि आवाज यांचं जमेनासं होतं. चित्रांची संख्या स्थिर ठेवणारं अ‍ॅप वापरावं.

आवाजाबद्दल मी पक्षपाती आहे, आणि तुम्ही हे रेडिओवर ऐकताय म्हणजे तुम्हीही असालच. चित्र थोडं अस्पष्ट असलं तरी कविता पोहोचते, पण आवाज फाटला की काही उरत नाही. अजिबात न दाबलेला, सीडीच्या तोडीचा स्टिरिओ आवाज तासाला सुमारे ७०० एमबी घेतो. चित्राच्या पाचव्या हिश्श्याइतका. तिथं कसली काटकसर करायची? साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक तार वेगळ्या रेकॉर्डरला द्यावी आणि त्या रेकॉर्डरला स्वतःचे सेल असावेत. कॅमेऱ्यातला आवाजही चालू ठेवावा. नंतर दोन्ही जुळवायला तो लागतो, आणि टाळ्या, 'इर्शाद', 'पुन्हा एकदा' अशी दाद तर त्यातच असते.

तर निवड कोणती? माझं मत स्पष्ट आहे. मंचासमोर टिपताना एच.२६४. दोन दशकांहून जुना आहे, हाच त्याचा गुण. कॅमेरा, मोबाइल, गावातल्या फोटो स्टुडिओतला जुना संगणक, टीव्हीला लावलेला पेनड्राइव्ह, सगळीकडं तो उघडतो. एचईव्हीसी घेतला तर सहा तासांत दहा-अकरा जीबी वाचतील. तेवढ्यासाठी संकलन करणाऱ्याचा संगणक अडखळतो. परवान्यांचा गुंताही आहे, काही विंडोज संगणकांवर एचईव्हीसी पाहण्यासाठी वेगळी जोडणी विकत घ्यावी लागते. मात्र चित्र ४के टिपायचं असेल तर हिशोब बदलतो. ठिपके चौपट होतात, एच.२६४ ला जागा फार लागते, आणि तिथं एचईव्हीसी घेणं रास्त आहे. पण माइकसमोर उभ्या कवीला ४के कशाला हवं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. प्रोरेससारखे, प्रत्येक चित्र स्वतंत्र बांधणारे कोडेक संकलनाला उत्तम. पण फुल एचडीला तासाला ५५ जीबी, सहा तासांना ३३०. नाटकाचं किंवा माहितीपटाचं काम करणाऱ्यांनी ते घ्यावं, मंडळांनी नाही.

एव्ही१ चा उपयोग नंतर आहे. कार्यक्रम झाला, घरी आलो, घाई संपली, की संगणकाला निवांत बसवून एव्ही१ किंवा एचईव्हीसीत लहान प्रत करावी आणि ती वाटावी, नेटवर चढवावी. मूळ प्रत मात्र पुसू नये. प्रत्येक वेळी नव्यानं दाबताना थोडं काही जातंच, आणि गेलेलं परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. मूळ प्रत दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी. मंडळाच्या सचिवांचं कपाट ही एकच जागा असेल तर सचिव बदलले की काय होतं, ते अनेक गावांना माहीत आहे.

ज्यांच्याकडं जुन्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी वेगळा सल्ला. त्या उतरवताना दाबूच नये असं जगातल्या अनेक अभिलेखागारांतले लोक म्हणतात. त्यासाठी एफएफव्ही१ नावाचा, काहीही न गमावणारा कोडेक आहे. तो खुला आहे आणि त्याचं तपशीलवार मानक २०२१ साली प्रसिद्ध झालं आहे. खुला असण्याचं महत्त्व कळायला रिअलव्हिडिओच्या जुन्या फायली आठवाव्यात. एकेकाळी नेटवर सगळीकडं त्याच होत्या. आज त्या उघडतात त्या मुख्यतः व्हीएलसी आणि एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरच्या लोकांनी ते कोडेक जपले म्हणून.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक तालीम करावी, यंत्राची. तेच कार्ड, तोच लॅपटॉप, तीच सेटिंग, आणि जेवढे तास कार्यक्रम चालणार तेवढे तास. समोर कोणी नसलं तरी चालेल, रिकाम्या खुर्च्या टिपाव्यात. दर तासाला हात लावून लॅपटॉप किती तापला ते पाहावं, गाळलेल्या चित्रांचा आकडा पाहावा. तो शून्याच्या जवळ असायला हवा. शेवटी 'थांबा'चं बटण न दाबता सरळ वायर उपटावी आणि लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद पाडावा. मग पुन्हा सुरू करून फाइल उघडते का ते बघावं. उघडली नाही, तर डबा बदलायला अजून एक रात्र हातात आहे.